वेड्या मुंगीची जगप्रदक्षिणा



अंबरनाथच्या पूर्वेस पालेगाव आहे. तेथे आता उंच उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. अशाच एका नव्या इमारतीत राहावयास गेलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने एके दिवशी मला विचारले, "सर, घर नवे कोरे, फरशी नवी, ओटा नवा. आम्हांला राहायला जाऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, तोच ओट्यावर काळ्या मुंग्या हजर! चौथ्या मजल्यावर त्या आल्या कोठून?"

मी पदार्थविज्ञान शिकवतो. मुंग्या हा काही माझा विषय नव्हे. "भिंतीवरून चढून आल्या असतील," असे सांगून मी मोकळा झालो. पण प्रश्न मनातून जाईना. मग मी याविषयी वाचू लागलो आणि लक्षात आले की, माझे उत्तर फार घाईचे होते. या मुंगीचा प्रवास चार मजल्यांचा नसून साऱ्या पृथ्वीचा आहे. तोच आज तुम्हांला सांगणार आहे.

तिला ओळखायचे कसे?

ही मुंगी तुम्ही सर्वांनी पाहिलेली आहे. लांबी दोन ते तीन मिलिमीटर, रंग गडद तपकिरी किंवा काळा. पाय शरीराच्या मानाने लांब. भिंगातून पाहिले तर अंगावर विरळ, पांढुरके, राठ केस दिसतात आणि उजेड तिरपा पडला तर निळसर झाक चमकते. पण तिची खरी खूण म्हणजे तिच्या मिशा, म्हणजेच शृंगिका. मुंगीची शृंगिका कोपरासारखी वाकलेली असते, हे तुम्हांला माहीत आहे. या मुंगीच्या शृंगिकेचा कोपरापर्यंतचा भाग इतका लांब असतो की, तो डोक्याच्या मागे बराच बाहेर डोकावतो.

भिंग नसले तरी चालेल. तिची चाल पाहा. इतर मुंग्या एकामागून एक शिस्तीने जातात. ही मात्र एकदम सुसाट धावते, थबकते, उजवीकडे वळते, पुन्हा डावीकडे, जणू काही घराची वाटच चुकली आहे! या धावण्यामुळे इंग्रजीत तिला 'लाँगहॉर्न क्रेझी अँट', म्हणजे लांब शिंगांची वेडी मुंगी, असे नाव पडले. तिचे शास्त्रीय नाव पॅराट्रेकिना लाँगिकॉर्निस. आपण या लेखात तिला नुसते 'वेडी मुंगी' म्हणू. तिला नांगी नसते, म्हणून ती डंख करीत नाही. संकटात सापडली तर पोटाच्या टोकातून फॉर्मिक आम्लाचा सूक्ष्म फवारा सोडते.

नोंदीचा इतिहास

या मुंगीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८०२ साली लात्रेय या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने केले. त्याच्याकडे आलेला नमुना पश्चिम आफ्रिकेतील सेनेगालचा होता. पण म्हणून ती सेनेगालची ठरते काय? मुळीच नाही. एखादा मनुष्य दादर स्थानकावर प्रथम भेटला, म्हणून त्याचे घर दादरला आहे असे आपण म्हणत नाही, तसेच हे आहे. युरोपातील जहाजांची आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्यापूर्वी शतकानुशतके ये-जा चालू होती.

आपल्याकडील मुंग्यांच्या अभ्यासालाही जुनी परंपरा आहे. मुंबई इलाख्यात वनाधिकारी असलेले रॉटन यांनी १८९२ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 'अवर अँट्स', म्हणजे 'आपल्या मुंग्या', या नावाची लेखमाला लिहिली. बिंगहॅम यांनी १९०३ साली हिंदुस्थानातील मुंग्यांवर जो जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही या वेड्या मुंगीची नोंद आहे. म्हणजे पालेगावात इमारती उभ्या राहण्याच्या शंभर वर्षे आधीपासून ती आपल्या देशात नांदत होती.

अमेरिकेतील वेटरर या शास्त्रज्ञाने तिच्या जगभरातील नोंदी गोळा केल्या आणि २००८ साली त्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात २१०० हून अधिक ठिकाणे होती! उष्ण कटिबंधात ती जवळजवळ सर्वत्र आहे. थंड देशांत उघड्यावर तिचा निभाव लागत नाही, पण तेथेही उबदार इमारतींत आणि काचगृहांत ती सापडते. उत्तरेस स्वीडन आणि एस्टोनिया, तर दक्षिणेस न्यूझीलंड, येथपर्यंत ती पोहोचली आहे. इतकेच नव्हे, भर समुद्रातील जहाजांवरही ती राहते. पृथ्वीवर सर्वांत दूरवर पसरलेली मुंगी बहुधा हीच असावी, असे वेटरर यांचे म्हणणे आहे.

थोडे गणित करू

आता एक साधे गणित पाहा. बहुतेक मुंग्यांच्या राण्यांना सुरुवातीस पंख असतात. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखांच्या मुंग्या जमतात, त्या तुम्ही पाहिल्या असतील. अशा राण्या उडत दूर जातात आणि नवे वारूळ वसवतात. पण वेड्या मुंगीची राणी असे दूरचे उड्डाण करीत नाही. तिचे मीलन घरट्यातच किंवा घरट्याच्या तोंडाशी होते. मग एक-दोन राण्या, काही कामकरी मुंग्या आणि थोडी अंडी-पिले असा एक गट वेगळा होतो आणि जवळपासच पायी चालत जाऊन संसार मांडतो. भाऊ वेगळा निघाला की शेजारीच चूल मांडतो ना, अगदी तसे.

समजा, असे वेगळे निघत निघत ही मुंगी वर्षाला १०० मीटर पुढे सरकते. अंबरनाथहून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस लोहमार्गाने सुमारे ६० किलोमीटर, म्हणजे ६०,००० मीटर आहे. ६०,००० ला १०० ने भागा. तिला मुंबईस पोहोचण्यास ६०० वर्षे लागतील! आणि पृथ्वीच्या परिघाचा चौथा हिस्सा, म्हणजे १०,००० किलोमीटर, चालायचा तर एक लाख वर्षे. शिवाय वाटेत समुद्र आहेतच.

पण तीच मुंगी एखाद्या भाजीच्या करंडीत बसून लोकलने निघाली तर? दीड तासाच्या आत-बाहेर ती मुंबईत उतरेल. बंदरात जाणाऱ्या कंटेनरमध्ये शिरली तर काही आठवड्यांत दुसऱ्या खंडावर.

गणिताचे उत्तर स्पष्ट आहे. ही मुंगी स्वतःच्या पायांनी जगभर गेलेली नाही. तिला आपण नेले. कुंडीतील मातीतून, लाकडाच्या ओंडक्यांतून, फळांच्या पेट्यांतून, यंत्रांच्या खोक्यांतून आणि घरसामानातून नेले. माणसाच्या मालाबरोबर फुकट प्रवास करणाऱ्या अशा मुंग्यांना शास्त्रज्ञ 'भटक्या मुंग्या' म्हणतात.

प्रवाशाचे गुण

आता तुम्ही म्हणाल, मालाबरोबर तर सगळेच किडे जात असतील. मग हीच का पसरली? कारण नुसते पोहोचणे पुरेसे नसते. नव्या जागी तगून राहावे लागते आणि वंश वाढवावा लागतो.

पहिली गोष्ट घराची. वेडी मुंगी वारुळासाठी हटून बसत नाही. कुजके लाकूड, पालापाचोळा, भिंतीची भेग, विजेच्या बटणामागची पोकळी, कुंडीखालची बशी, काहीही चालते. जागा गैरसोयीची झाली की सारे बिऱ्हाड अंडी-पिलांसह चटकन हलवते. बिऱ्हाड हलवण्याची सवय असलेल्यालाच प्रवास सोपा जातो.

दुसरी गोष्ट अन्नाची. मेलेले किडे, साखर, फळे, तेलकट शिते, झाडांवरचा गोड चिकटा, जे मिळेल ते ती खाते.

तिसरी गोष्ट मात्र विलक्षण आहे आणि ती शास्त्रज्ञांना २०११ साली कळली. ती नीट समजावून घ्या.

समजा, एका बेटावर एकाच घरट्याचा तुकडा जाऊन पडला. तेथे दुसरे घरटे नाही. मग पुढच्या पिढीत बहीण-भावांचेच मीलन होणार. प्राण्यांमध्ये असे पिढ्यान्‌पिढ्या होत गेले की, दोन्हींकडून तीच ती जनुके येतात, दोष उघडे पडतात आणि वंश दुबळा होतो. नव्या प्रदेशात गेलेल्या थोडक्या जिवांपुढे ही मोठी अडचण असते.

पिअर्सी, गुडिस्मन आणि केलर या तिघा शास्त्रज्ञांनी वेड्या मुंगीची जनुके तपासली, तेव्हा त्यांना आश्चर्याचा धक्का बसला. या मुंगीत नवी राणी जन्मते ती फक्त आईची जनुके घेऊन. ती आईची हुबेहूब नक्कल असते. नर जन्मतो तो फक्त बापाची जनुके घेऊन. तो बापाची नक्कल असतो. कामकरी मुंगी तेवढी आई आणि बाप या दोघांची मिळून होते.

आता विचार करा. राणी आणि नर नात्याने बहीण-भाऊ आहेत. पण राणीत बापाचे काही नाही आणि नरात आईचे काही नाही. म्हणजे जनुकांच्या हिशेबाने ते एकमेकांना पूर्ण परके आहेत! त्यांचे मीलन झाले तरी कामकऱ्यांना दोन वेगळ्या घराण्यांची जनुके मिळतात, आणि असे कितीही पिढ्या चालले तरी बिघडत नाही. घरट्याचा एक लहानसा तुकडा नव्या देशात जाऊन पडला तरी वंशाचे भांडवल पुरते. कुंडीत मावणारे बिऱ्हाड एक देश व्यापू शकते, ते यामुळे.

काचेच्या घरातील पाहुणी

या गुणांचा परिणाम काय होतो, हे एका प्रसंगाने चांगले दिसून आले. अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात 'बायोस्फिअर २' नावाचे एक प्रचंड काचगृह बांधले होते. आत लहानसे जंगल, गवताळ रान, शेती आणि एक चिमुकला समुद्रसुद्धा! १९९१ साली आठ माणसांना दोन वर्षांसाठी त्यात बंद करण्यात आले. हवा बाहेर जाऊ नये आणि आत येऊ नये, अशी व्यवस्था होती.

सुरुवातीच्या पाहणीत आतील मुंग्यांत कोणा एका जातीचे वर्चस्व नव्हते आणि वेडी मुंगी तर आढळलीच नव्हती. पण १९९६ च्या पाहणीत जिकडे तिकडे तीच ती होती. तिच्यापुढे टिकून राहिलेल्या कीटकांत तिला गोड चिकटा पुरवणारे किडे मुबलक होते. पृथ्वीची लहान प्रतिकृती करायला निघालेल्या माणसांनी पृथ्वीवरची ही भटकी मुंगीही नकळत सोबत नेली होती.

घर्षण, चुंबक आणि मुंगी

आता थोडे माझ्या विषयाकडे वळतो. वेडी मुंगी एकटी दुबळी असते. पण मोठा घास सापडला की दहा-वीस जणी मिळून तो उचलतात आणि घरट्याकडे नेतात. इतर मुंग्या पोहोचण्याआधी अन्न पळवण्याचे हे कौशल्य तिच्या यशाचे एक कारण आहे. इस्राएलमधील वाइझमन संस्थेत फायनरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ओझे वाहण्याचा अभ्यास केला. त्यांचा लेख २०१५ साली प्रसिद्ध झाला.

ओझ्याच्या पुढच्या बाजूच्या मुंग्या ते ओढतात, हे कोणीही सांगेल. पण मागच्या मुंग्या काय करतात? त्या ओझे वर उचलतात. घर्षणाचा नियम आठवा. वस्तू जमिनीवर जितक्या जोराने दाबली जाते, तितके घर्षण अधिक. मागून उचलल्याने दाब कमी होतो, घर्षण घटते आणि पुढच्यांना ओढणे सोपे जाते.

पण जायचे कोणत्या दिशेने? ओझ्याला चिकटलेल्या मुंगीला पुढचे दिसत नाही. अशा वेळी बाहेरून एखादी नवी मुंगी येऊन चिकटते. तिला घराची वाट नुकतीच कळलेली असते. ती ओझे योग्य दिशेला वळवते. दहा-वीस सेकंदांत तिचीही दिशा हरवते, तोवर दुसरी नवी येते. एका मुंगीचे इतक्या जणी ऐकतात कशा?

लोखंडाचा तुकडा आठवा. त्यात असंख्य सूक्ष्म चुंबक असतात आणि प्रत्येक जण शेजाऱ्याच्या दिशेने वळू पाहतो. हा ओढा फारच बलवान असला तर सगळे एका दिशेला घट्ट बसतात, मग एकट्याने कितीही जोर केला तरी ते हलत नाहीत. ओढा फार दुबळा असला तर प्रत्येकाचे तोंड वेगळीकडे. या दोन अवस्थांच्या सीमेवर मात्र लहानशा धक्क्यानेही सारा समूह वळतो. मुंग्यांचा गट अशाच सीमेजवळ असतो. म्हणून तो एकजुटीने ओढतो आणि शहाण्या नवख्या मुंगीचे ऐकतोही.

याच संस्थेतील संशोधकांनी २०२४ च्या अखेरीस आणखी एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे ओझे दोन अरुंद फटींतून पलीकडे न्यायचे. मुंग्यांसाठी लहान मांडणी, माणसांसाठी मोठी. मुंग्यांचा मोठा गट एकट्या मुंगीपेक्षा सरस ठरला. माणसांना मात्र एकमेकांशी बोलण्याची मनाई केली, तेव्हा गटाला एकट्या माणसापेक्षा बरे काही जमले नाही! या प्रयोगातील मुंगी कोणती? आपल्या ओट्यावरची वेडी मुंगीच.

मग बिघडले कोठे?

ही मुंगी इतकी हुशार, तर ती पसरली म्हणून बिघडले कोठे, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल.

जास्वंदीच्या फांदीवर पांढरे, कापसासारखे पुंजके पाहिले आहेत ना? ते पिठ्या ढेकूण. ते आणि मावा झाडाचा रस पितात आणि गोड चिकटा बाहेर टाकतात. मुंग्या तो चिकटा पितात आणि त्या बदल्यात या किडींना त्यांच्या शत्रूंपासून राखतात. मुंग्या वाढल्या की कीड वाढते. रुग्णालयांत शिरलेल्या भटक्या मुंग्या पायांबरोबर रोगजंतू वाहून नेतात, हा आणखी एक धोका.

याहून भयंकर उदाहरण तिच्या नावबहिणीचे आहे. 'पिवळी वेडी मुंगी' ही वेगळ्या जातीची, आकाराने थोडी मोठी, पण तशीच सैरावैरा धावणारी. तीही भारतात आहे. जर्डन या निसर्गशास्त्रज्ञाने दक्षिण भारतातून १८५१ मध्येच तिचे वर्णन केले होते. हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावर ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोहोचली. अनेक वर्षे ती तेथे गुपचूप होती. १९८९ साली मात्र तिच्या अफाट वसाहती दिसू लागल्या. काही ठिकाणी चौरस मीटरला दोन हजारांहून अधिक मुंग्या! या बेटावर लाल खेकड्यांचे राज्य होते. ते पाचोळा आणि कोवळी रोपे खात, म्हणून जंगल खालून मोकळे राही. मुंग्यांनी त्यांच्या डोळ्यांवर आम्ल फवारून लक्षावधी खेकडे मारले. खेकडे गेले, रोपे माजली, जंगलाचे रूपच पालटले.

विमानातून विषारी आमिष टाकून पाहिले. तेवढ्यापुरत्या मुंग्या कमी झाल्या, पण पुन्हा वाढल्या. तेव्हा शास्त्रज्ञांनी विचार केला की, एवढ्या मुंग्यांना खायला घालते कोण? ते होते झाडांवरचे खवले किडे आणि त्यांचा चिकटा. मग २०१६ साली मलेशियातून त्या किड्यांचा शत्रू असलेली, जेमतेम दोन मिलिमीटरची एक गांधीलमाशी आणून सोडण्यात आली. मुंगीशी थेट लढण्याऐवजी तिची शिदोरी तोडण्याचा हा मार्ग होता.

मात्र एक लक्षात ठेवा. दोष मुंगीचा नाही. आपल्या काळ्या वेड्या मुंगीचे माहेर आशियातील उष्ण प्रदेशात असावे, असा अनेक शास्त्रज्ञांचा कल आहे. आपल्याकडे कोळी, पाली, पक्षी आणि इतर मुंग्या यांच्यामध्ये तिला जपून राहावे लागते. दूरच्या बेटावर हे शेजारी नसतात, तेथे तीच मुंगी डोईजड होते. उलटही घडते. गाजर गवत अमेरिका खंडातले, पण १९५० च्या दशकात पुण्यात दिसले आणि आज देशभर माजले आहे.

पुन्हा चौथ्या मजल्यावर

इतके वाचून झाल्यावर मी त्या विद्यार्थ्याला पुन्हा गाठले आणि विचारले, "नव्या घरात काय काय नेलेस?" तो म्हणाला, "जुने कपाट, पुस्तकांची खोकी आणि आईने रोपवाटिकेतून आणलेल्या सहा कुंड्या." मी त्याला कुंड्या उचलून पाहायला सांगितले. दुसऱ्या दिवशी तो धावतच आला. तुळशीच्या कुंडीखालच्या बशीत, ओल्या मातीच्या थराखाली, अंडी-पिलांसह सारे बिऱ्हाड होते! त्या मुंग्या भिंत चढून आल्या नव्हत्या. लिफ्टने आल्या होत्या.

तुम्हीही पाहा. घरातील प्रत्येक कुंडी उचला, बशी तपासा, पानांच्या मागे पिठ्या ढेकूण आहेत का ते बघा. असतील तर ओल्या फडक्याने पुसून काढा. चिकटा बंद झाला की मुंग्याही कमी होतात. नुसता विषारी फवारा मारून दिसणाऱ्या कामकरी मरतात, आत दडलेल्या राण्या राहतात. गावी किंवा परगावी रोप नेताना मातीसकट कोणाकोणाला नेतो आहोत, ते आधी पाहून घ्या.

आणि एक प्रयोग करा. बोटांत घालून खातात त्या पिवळ्या नळीची एक पातळ चकती मुंग्यांच्या वाटेवर ठेवा. त्या ती उचलू लागल्या की, घड्याळ घेऊन बसा. चकतीची दिशा केव्हा बदलते, त्याच्या अगोदर नवी मुंगी येऊन चिकटली होती का, किती सेकंद ती दिशा टिकली, हे वहीत लिहा. अशा वीस नोंदी झाल्या की, त्यांचा तक्ता करा. यासाठी प्रयोगशाळा नको, महागडे उपकरण नको. घरचा ओटा, एक घड्याळ आणि थोडा धीर एवढे पुरे.